समुद्राच्या दप्तरातील वंशावळी

ओहोटीच्या वेळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या खडकांवरून जपून पावले टाकीत जो कोणी पाण्याच्या कडेपर्यंत जाईल, त्याच्या तळव्यांना पहिला खरखरीत स्पर्श होतो तो खडकाला चिकटलेल्या लहानलहान पांढुरक्या शंकूंचा, म्हणजे बार्नेकलांचा. आणि चार पावले पुढे गेल्यावर त्याच खडकाला तितक्याच घट्टपणे धरून बसलेली कालवे त्याच्या दृष्टीस पडतात. दोघांचीही घरे चुन्याची. एकदा बसल्यावर जन्मभर जागा न सोडण्याचे व्रत दोघांनीही घेतलेले. आणि भरतीचे पाणी अंगावरून गेले म्हणजे दोघेही दारे किलकिली करून त्यातील अन्नकण टिपून घेणारे. अशा शेजाऱ्यांना एकाच घराण्याचे मानावे असा निवाडा कोणीही समंजस माणूस देईल, आणि प्राण्यांच्या शरीररचनेच्या बाबतीत ज्याचा शब्द त्या काळी अखेरचा समजला जाई त्या क्यूव्हिएनेही तो तसाच दिला. बार्नेकलांना त्याने कालवा-शिंपल्यांच्या मृदुकाय संघात दाखल केले. पुढे, १८३० साली प्रसिद्ध झालेल्या हकीकतीप्रमाणे, आयर्लंडातील कॉर्क येथे जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी शल्यवैद्याने समुद्रातून जाळीने गाळून काढलेले काही सूक्ष्म पोहणारे जीव पाण्याच्या भांड्यात ठेवून दिले असता, सांधेदार पाय आणि डोळे असलेले ते चपळ डिंभ भांड्याच्या तळाला चिकटून पाहता पाहता बार्नेकल झालेले त्याला आढळले. ज्याला आपण कालवाचा भाऊबंद समजत होतो तो कोळंबीचा आणि कुर्लीचा सगोत्र निघाला. डार्विनने १८४६ पासून १८५४ पर्यंत आयुष्यातील आठ वर्षे याच क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्यांना दिली, ती त्यांचे महत्त्व ओळखूनच.

या ग्रंथाचा विषय काय आहे हे त्या खडकावरच्या गोष्टीत बीजरूपाने आले आहे. समुद्रातील अपृष्ठवंशी प्राणी, म्हणजे स्पंज, प्रवाळ, जेलीफिश, नाना तऱ्हेचे कृमी, शंख-शिंपले, माकूल, खेकडे, तारामासे आणि ज्यांना मराठीत अद्याप नावच नाही असे कितीतरी जीव, यांची परस्परांशी नाती काय, कोणाचा पूर्वज कोणाच्या पूर्वजाचा भाऊ होता, या प्रश्नाची उत्तरे दीडशे वर्षे केवळ रूपावरून दिली गेली आणि गेल्या चार दशकांत ती जनुकांवरून तपासली गेली. रूप ही बखर आहे. ती ऐटदार असते, तिच्यात पुष्कळ खरेही असते. परंतु तिच्यात प्रसंगाप्रमाणे सोय पाहून केलेला फेरफारही असतो, कारण एकाच परिस्थितीत राहणाऱ्या परक्यांना निसर्ग एकाच साच्यात घालतो आणि भिन्न परिस्थितीत पडलेल्या सख्ख्या भावांना ओळखू न येण्याइतके बदलतो. ज्या महाराष्ट्रात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी बखरींवर विसंबून न राहता घराघरांतील रुमाल सोडून अस्सल कागद वाचावयास शिकविले, तेथील वाचकाला हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही.

पण अस्सल कागद तरी वाचावयाचा कसा? याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड काम झाले, त्यात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या पोथ्या एकमेकींशी ओळीओळीने ताडून कोणती पोथी कोणत्या कुळातली हे ठरवावे लागले. या कामी शुद्ध पाठाचा उपयोग थोडा. कारण शुद्ध पाठ सर्वांच्याच मूळच्या मालकीचा, आणि दोन पोथ्यांत तो समान असला तर त्यावरून त्या दोघींचे विशेष सख्य सिद्ध होत नाही. उपयोग आहे तो समान चुकीचा. एका लेखकाने एखादा शब्द चुकविला, त्याच्या पोथीवरून ज्यांनी नकला केल्या त्यांनी ती चूक इमानाने उतरवून घेतली, आणि अशा रीतीने ती चूकच त्या शाखेची मुद्रा होऊन बसली. डीएनएची गोष्ट हुबेहूब हीच आहे. चार अक्षरांत लिहिलेला हा मजकूर प्रत्येक पिढीत नकलून घेतला जातो, नकलताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि तो बदल पुढच्या सर्व वंशजांकडे वारशाने जातो. तेव्हा शिंपला आणि कृमी यांच्यात समान असलेले परंतु खेकड्यात नसलेले असे बदल पुरेशा संख्येने आणि निरनिराळ्या जनुकांत सापडले, तर पहिल्या दोघांचा एक मधला पूर्वज असा होता की जो खेकड्याचा पूर्वज नव्हता, असे मानण्यास आधार मिळतो. आवृत्तीचे प्रमुख संपादक सुकथनकर यांना महाभारताच्या पोथ्यांचा निखळ वंशवृक्ष मात्र शेवटपर्यंत आखता आला नाही, कारण लेखकांनी एका शाखेतला मजकूर दुसऱ्या शाखेत मिसळून ठेवला होता. आणि ज्या प्राण्यांत जवळच्या जातींचा संकर होतो, उदाहरणार्थ युरोपच्या किनाऱ्यावरील मिटिलस या शिंपल्यांच्या दोन जातींत, तेथे जनुकांच्या अभ्यासकासही हाच अनुभव येतो.

रेणूंकडे इतिहासाचे दस्तऐवज म्हणून पाहावे हा विचार झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६५ साली स्पष्ट शब्दांत मांडला. तो सागरी प्राण्यांना व्यापक प्रमाणात लावला गेला १९८८ मध्ये, जेव्हा अमेरिकेतील रुडॉल्फ रॅफ यांच्या गटाने पेशीतील प्रथिने जुळविणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचा एक तुकडा अनेक प्राणिसंघांतून वाचून संपूर्ण प्राणिसृष्टीचा वृक्ष आखण्याचे धाडस केले. तुकड्याची निवड विचारपूर्वक होती. सुमारे १८०० अक्षरांचा हा मजकूर प्रत्येक प्राण्यात असतो आणि त्याचे काम इतके जीवनावश्यक असते की कोट्यवधी वर्षांतही त्यात फार फेरफार खपत नाही. पण पहिल्याच वाचनातून निघालेला एक निष्कर्ष, की समुद्रफूल-जेलीफिश यांचा गट आणि उरलेले बहुतेक प्राणी हे निरनिराळ्या एकपेशीय पूर्वजांपासून स्वतंत्रपणे निघाले, पुढे टिकला नाही. मी हे मुद्दाम नमूद करतो. कारण जनुकांनी सांगितले म्हणजे वाद संपला अशी एक समजूत आपल्याकडे वर्तमानपत्री लेखनामुळे रुजली आहे, आणि या शास्त्राच्या जन्मदात्या निबंधातच तिचे खंडन आहे.

खरा भूकंप झाला तो १९९५ ते १९९७ या वर्षांत. क्यूव्हिएच्या काळापासून असे धरून चालले होते की गांडूळ आणि त्याचे समुद्रातील बांधव असे वलयी कृमी हे खेकडे, कोळंबी, कीटक या संधिपादांचे निकटचे आप्त होत. दोघांचेही शरीर एकामागून एक जोडलेल्या खंडांचे, मग नाते उघडच नव्हते काय? १९९५ मध्ये हॅलनिक आणि सहकाऱ्यांनी दाखविले की दीपशंखांसारखे काही कवचधारी प्राणी, वलयी कृमी आणि मृदुकाय प्राणी यांचे एक कुटुंब होते. आणि १९९७ मध्ये आग्विनाल्डो आणि सहकाऱ्यांनी संधिपादांना कृमींच्या हातातून काढून गोलकृमींच्या शेजारी बसविले. ज्याच्या अंगावर खंडाची खूणही नाही असा गुळगुळीत गोलकृमी खेकड्याचा आप्त कसा, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. उत्तर असे की दोघेही कात टाकतात. वाढत्या खेकड्याला जुने कवच टाकून देऊन काही काळ मऊ अंगाने लपून बसावे लागते हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. तीच रीत गोलकृमीची, आणि या समान आचारावरूनच त्या नव्या महाकुलाला कात टाकणाऱ्यांचे कुल असे नाव मिळाले. पण मला या प्रकरणात त्याहूनही अधिक मोलाची वाटते ती दुसरी बाजू. वलयी कृमी आणि शंख-शिंपले यांचे डिंभ, केसांचा पट्टा कमरेला बांधून भोवऱ्यासारखे फिरणारे ते इवले जीव, जवळजवळ एकसारखे असतात आणि त्यांच्या अंड्यांचे विभाजनही त्याच मळसूत्री पद्धतीने होते, हे एकोणिसाव्या शतकातील भ्रूणशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवून नोंदून ठेवले होते. साक्ष दप्तरात होती. प्रौढ शरीराच्या भपक्यापुढे ती फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. जनुकांनी येथे नवी साक्ष दिली त्यापेक्षा जुन्या साक्षीदाराची पत वाढविली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

१९९७ च्या त्या संशोधनातील एक बारकावा सर्वसामान्य वाचकानेही लक्षात घ्यावा, कारण या ग्रंथातील निम्मे वाद त्याच्याभोवती फिरतात. काही वंशांत नकलण्याच्या चुका फार भराभर होतात. अक्षरे चारच असल्यामुळे, ज्यांनी पुष्कळ अक्षरे बदलली अशा दोन परक्या वंशांत काही बदल निव्वळ योगायोगाने जुळून येतात, आणि संगणक त्या योगायोगाला रक्ताचे नाते समजून त्या दोघांना एकत्र बांधतो. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्येच गणिताने दाखवून दिले होते की अशा परिस्थितीत काही पद्धती जितका अधिक मजकूर पुरवावा तितक्या अधिक आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतात. प्रयोगशाळांचा लाडका गोलकृमी असाच उतावळा नकलनवीस होता, म्हणून त्याला वृक्षावर कोठेही धड जागा मिळेना. आग्विनाल्डोंच्या गटाने त्याला बाजूला ठेवून ज्याचा मजकूर सावकाश बदलला असा दुसरा गोलकृमी निवडला, तेव्हा नाते उघड झाले. साक्षीदार किती आहेत यापेक्षा कोणता साक्षीदार बोलावला याला महत्त्व असते, हे दिवाणी कोर्टात वावरलेल्या कोणासही पटेल. याखेरीज इतर फसवणुकीही आहेत: एरवी फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए काही शिंपल्यांत नराकडून नर संततीकडेही जातो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो एकाच शिंपल्यातून दोन वंशावळी काढून बसतो.

परंतु फसवणुकीचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे झेनोटर्बेला. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिखलातून १९१५ साली सिक्स्टेन बॉक यांनी हा पिवळसर, काही सेंटिमीटर लांबीचा चपटा कृमी वर काढला. त्याचे वर्णन वेस्टब्लाड यांच्या हातून प्रसिद्ध व्हावयास १९४९ साल उजाडले. या प्राण्याला मेंदू नाही, गुदद्वार नाही, जननेंद्रियांची निश्चित जागा नाही. एक तोंड आणि एक पोट, एवढाच संसार. ज्याच्यापाशी अवयवच नाहीत त्याचे गोत्र अवयवांवरून कसे ठरावे? १९९७ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला आणि निष्कर्ष निघाला की हा एक अवनत झालेला शिंपला आहे. आणि योगायोग असा की त्याच सुमारास त्याच्या शरीरात सापडलेल्या अंड्यांचा स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्यानेही तेच सांगितले. रूप आणि रेणू या दोन्ही साक्षीदारांचा जबाब एकच, तेव्हा शंकेला जागा कोठे राहिली? जागा होती ती त्याच्या पोटात. झेनोटर्बेला शिंपल्यांची अंडी आणि डिंभ खातो, आणि वाचला गेला होता तो त्याच्या जेवणाचा डीएनए. २००३ साली सारा बुर्ला, मॅक्सिमिलियन टेलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंपल्याचा मजकूर वेगळा काढून प्राण्याचा स्वतःचा मजकूर वाचला, तेव्हा तो शिंपला नसून तारामासे आणि पृष्ठवंशी ज्या महाकुलात मोडतात त्या कुलातला निघाला. एवढ्यानेही हकीकत संपत नाही. २०१६ मध्ये पॅसिफिकच्या खोल तळावरून आणलेल्या त्याच्या आणखी चार जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यांपैकी एक सुमारे वीस सेंटिमीटर लांबीची. आणि ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांनी, शेकडो जनुकांच्या आधारे, त्याला डावी-उजवी बाजू असलेल्या यच्चयावत प्राण्यांच्या मुळाशी, सर्वांहून आधी फुटलेल्या फांदीवर नेऊन बसविले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तो निकाल उताविळीने चुका करणाऱ्या वंशांचा भ्रम म्हणून अमान्य केला आणि त्याला पुन्हा तारामाशांच्या पंक्तीला आणले. या वादात कोणाच्या बाजूने कौल लागतो यावर थोडेथोडके नव्हे, तर आपल्या अतिप्राचीन पूर्वजाला शरीरात आरपार अन्नमार्ग होता की नव्हता, एवढे ठरावयाचे आहे.

त्याहूनही मोठा दावा लागला आहे तो वृक्षाच्या बुंध्याशी. सर्व प्राण्यांतून सर्वांत आधी वेगळा झाला तो स्पंज, हे पाठ्यपुस्तकांतून आपण सर्वांनी वाचले आहे, आणि ते मनाला पटतेही, कारण स्पंजाला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत, तोंड नाही. २००८ साली केसी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या मोठ्या संग्रहावरून असे सुचविले की तो मान कंकतधरांचा आहे. म्हणजे ज्या पारदर्शक सागरी जीवांच्या अंगावर केसांच्या कंगव्यांच्या आठ रांगा इंद्रधनुष्यासारख्या चमकतात आणि ज्यांना मज्जातंतू आणि स्नायू दोन्ही आहेत, त्यांचा. हे खरे असेल, तर एक तर मज्जासंस्था या सृष्टीत दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाली असली पाहिजे, नाही तर ती प्रथमपासून होती आणि स्पंजाने ती गमावली. दहा-पंधरा वर्षे दोन्ही पक्ष एकमेकांच्या गणिती प्रतिमानांतील दोष दाखवीत राहिले; अक्षरे मोजण्याची पद्धत जरा बदलली की निकाल फिरे. २०२३ मध्ये डॅरिन शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरे मोजण्याचे सोडून बांधणीकडे पाहिले. गुणसूत्रांवर काही जनुकांचे समूह कोट्यवधी वर्षे एकत्र राहतात; त्यांना असे आढळले की स्पंज आणि इतर सर्व प्राण्यांत काही समूह एकत्र होऊन त्यांची पाने पत्त्यांसारखी पिसली गेली आहेत, परंतु कंकतधरांत आणि प्राण्यांच्या एकपेशीय आप्तांत तेच समूह अलग आहेत. दोन पोथ्यांची पाने एकदा मिसळून शिवून टाकली म्हणजे ती आपोआप पुन्हा वेगळी लागत नाहीत. म्हणून पिसलेली स्थिती नंतरची, आणि जो पिसलेला नाही तो आधी निघाला. मला स्वतःला हा पुरावा फार वजनदार वाटतो. तथापि स्पंजाचे कैवारी अद्याप मैदानात आहेत आणि त्यांच्या बाजूने नवे विश्लेषणही येत आहे. वाचकाने प्रस्तुत लेखकाचे मत हे एक मत म्हणूनच घ्यावे.

मधल्या फांद्यांवरील उलथापालथ येथे धावतीच सांगतो. माणसाच्या घराण्याला सर्वांत जवळचा म्हणून ज्याला शतकभर मान होता तो माशासारखा सडपातळ अँफिऑक्सस. २००६ मध्ये देलस्युक आणि सहकाऱ्यांनी १४६ जनुके ताडून तो मान खडकाला चिकटलेल्या पिशवीसारख्या ॲसिडियनकडे दिला, ज्याच्या डिंभात पृष्ठरज्जू असतो हे रशियाच्या कोव्हालेव्हस्कीने १८६६ मध्येच पाहिले होते. खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांजवळचे तोंड नसलेले प्रचंड नळकृमी स्वतंत्र संघ म्हणून मिरवत होते. ते वलयी कृमींचे एक कुल ठरले. आणि २००४ मध्ये अटलांटिकमधील कित्येक प्रवाळ पॅसिफिकमधील आपल्या नामधारकांपेक्षा अटलांटिकमधील भिन्न नावाच्या शेजाऱ्यांना अधिक जवळचे निघाले, तेव्हा सांगाड्याच्या घडणीवरून केलेल्या वर्गीकरणाचा मोठा भाग नव्याने लिहावा लागला.

या शास्त्राची साधने आता कोणत्याही साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली आहेत. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी नानाविध अपृष्ठवंशींतून मायटोकाँड्रियाच्या एका जनुकाचा तुकडा उचलून घेणारी जी प्रारंभकांची जोडी तयार केली, तिच्या बळावर आज पदव्युत्तर विद्यार्थीही खेकड्याच्या पायाच्या टोकावरून ६५८ अक्षरे वाचून काढतो. अडचण आहे ती निराळीच. ज्या प्राण्याचा तो मजकूर, तो प्राणी पुष्कळदा मागे उरत नाही. नमुना फेकून दिला जातो, चिठ्ठीवर स्थळ नसते, ओळखणाऱ्याचे नाव नसते, आणि पुढे शंका आली तर उघडून पाहावयास बाटलीच नसते. झेनोटर्बेलाचा घोटाळा निस्तरता आला तो पुन्हा पाहावयास प्राणी होते म्हणून. तेव्हा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हे काम करू इच्छिणाऱ्या तरुण वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की मजकूर वाचण्यापूर्वी प्राणी ओळखावयास शिकावे, त्यासाठी जे थोडे जुने जाणकार हयात आहेत त्यांच्यापाशी बसावे, कालवे काढणाऱ्या बायकांना त्यांच्या खडकांवरील प्रत्येक जीवाचे नाव विचारून लिहून घ्यावे, आणि अक्षरांच्या ज्या क्रमामागे जतन केलेला नमुना, तारीख आणि ठिकाण नाही, तो क्रम कितीही सुबक असला तरी दप्तरी दाखल करू नये.